आईचं मुठेल आणि सोलापूरची करडी

आमच्या फ्रीजच्या दारात अंडी ठेवायच्या ज्या खाचा असतात, त्यातल्या दोन मुठेलाच्या आहेत. बदली घेऊन कुडाळहून सोलापूरला आले त्या पहिल्या वर्षी मला ही अक्कल नव्हती. आईने दिलेले चार गोळे मी कपाटात साड्यांच्या मागे ठेवले होते. एप्रिल उजाडला आणि एका दुपारी कपाट उघडलं तर गोळे गायब. त्यांच्या जागी तेलाचा ओघळ, आणि त्याखाली माझी एक चांगली इरकल. कोकणात मुठेल बारा महिने दगडासारखं राहतं. इथे मे महिन्यात पारा ४३ अंशांच्या वर जातो, आणि मुठेल ४०च्या आसपासच वितळतं.

कोकणाबाहेरच्या वाचकांना मुठेल सांगायला हवं. उन्हाळ्यात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडले की सालींची आमसुलं होतात, रसाचं आगळ होतं आणि बिया उरतात. त्या धुऊन वाळवून ठेवायच्या. पुढे सवड मिळाली की फोडून आतला गर कुटायचा आणि पाण्यात उकळायचा. वर जो तेलाचा थर येतो तो काढून घ्यायचा आणि निवत आला की मुठीत दाबून गोळे वळायचे. मुठीत वळलेलं म्हणून मुठेल. काही घरांत त्याला भिरंडेल म्हणतात. रंग पिवळट पांढरा, वास जवळजवळ नाहीच. पायांच्या भेगांना, थंडीत उललेल्या ओठांना आमच्याकडे दुसरं काही कुणी लावत नसे. शहरांतली दुकानं आता हेच 'कोकम बटर' म्हणून चपट्या डबीत विकतात.

माझा सोरायसिस २०१३ साली सुरू झाला, धाकटी झाल्यावर तीन महिन्यांनी. मी तेव्हा बँकेच्या कुडाळच्या शाखेत होते. आधी डाव्या कोपरावर रुपयाएवढा लाल चट्टा आला आणि त्यावर पांढरे पापुद्रे धरले. औषधांच्या दुकानातल्या माणसाने बघितलं, 'गजकर्ण' म्हणाला आणि ट्यूब दिली. सहा महिने मी ती लावली. तोवर दोन्ही कोपरं, गुडघे आणि केसांची कपाळावरची कड भरली होती. नखांवर शिंप्याच्या अंगुस्तानावर असतात तसे बारीक खड्डे पडले.

शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी नखं बघितली आणि ट्यूबचं नावही न विचारता आजाराचं नाव सांगितलं. एरवी त्वचेची पेशी तळातून वर येऊन गळून पडायला महिनाभर घेते, माझ्या चट्ट्यांवर तेच काम तीन-चार दिवसांत होतं, कारण शरीराची संरक्षण यंत्रणाच त्वचेला चुकीचे हुकूम देत असते. पेशी पिकायच्या आधीच वर येतात, एकमेकींना धरून थर होतात, तेच खवले. संसर्गाचा प्रश्नच नाही, कुणाला लागत नाही. हे शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं. दोनदा का, ते मला पुढे काउंटरवर कळलं.

मी कॅश काउंटरला बसत असे. नोटा मोजणाऱ्या माणसाचे हात सगळे बघतात, तोंड कुणी बघत नाही. बाही कोपराच्या वर गेली की समोरचा माणूस पैसे हातात द्यायच्या ऐवजी काचेखालच्या खाचेत ठेवून हात मागे घ्यायचा. एका बाईंनी मी मोजून दिलेलं बंडल रुमालात धरलं. मी सगळ्या ऋतूंत पूर्ण बाहीचे ब्लाऊज शिवून घेतले. घाम येई, शिवण घासे, आणि जिथे शिवण घासली तिथे नवीन चट्टा उठे. जखमेच्या, ओरखड्याच्या, घासल्याच्या जागी सोरायसिस नव्याने उमटतो याला वैद्यकात कोबनरची प्रतिक्रिया म्हणतात. लपवायला घातलेल्या बाहीनेच आजार वाढवला, हे मला समजायला दोन वर्षं गेली.

आईने कोपर पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाली, "माका दाखव बघया." खिडकीपाशी नेऊन तिने हात उलटसुलट केला. मग म्हणाली, "ह्यां लाव रोज रातीक. तुझ्या आजयेन जलमभर ह्यांच लावल्यान." आजीला सोरायसिस नव्हता, तिला भेगा होत्या. पण आईच्या हिशेबात कातडी उलली की मुठेल, यात पुढे विचारायचं काही नसतं. मी लावू लागले. डॉक्टरांचं मलमही चालू होतं. खवले मऊ पडले, खाज उतरली, वाकवलं की फुटणारं कोपर फुटेनासं झालं. लाली मात्र होती तिथेच राहिली. त्या फरकाकडे मी तेव्हाच नीट बघितलं असतं तर पुढच्या दोन चुका टळल्या असत्या.

२०१५ मध्ये बदली घेऊन आम्ही सोलापूरला आलो, यांच्या घरी. कुडाळला हवाच ओली. इथली हवा अंगातलं पाणी शोषून घेते. बोअरचं जड पाणी, साबणाचा फेस येत नाही आणि अंगावर पांढरट खार राहतो. पहिल्याच डिसेंबरात पाठीवर आणि पिंढऱ्यांवर चट्टे आले. मुठेल लावलं तर ते कोरड्या कातडीवर मेणासारखं नुसतं बसायचं. मला वाटलं, इथल्या हवेत मुठेल चालत नाही.

चूक माझीच होती. इथल्या डॉक्टरांनी विचारलं, "तेल कधी लावता?" म्हटलं, रात्री झोपताना. "आणि आंघोळ?" सकाळी. त्या म्हणाल्या, तेल त्वचेला पाणी देत नाही, आत असलेलं पाणी उडू देत नाही. दिवसभर सुकलेल्या कातडीवर रात्री तेल लावलं तर ते राखणार काय? त्यांनी सांगितलं ते असं: कोमट पाण्याने पाच-दहा मिनिटांत आंघोळ आटपायची, साबण फक्त काखेत आणि जांघेत. पंचाने अंग टिपायचं, घासायचं नाही. अंग दमट असतानाच, दोन-तीन मिनिटांत तेल. या लेखातून एकच गोष्ट उचलायची झाली तर ही उचला. तेल तेच, हात तेच, पण वेळ बदलल्यावर मला आठवड्याभरात फरक दिसला. रात्री लावायचंच असेल तर मी आता कोपरं आणि पावलं आधी ओल्या फडक्याने पाच मिनिटं गुंडाळून ठेवते.

आता करडीबद्दल. सासूबाई इथल्याच, त्यांच्या घरी स्वयंपाकाला करडीचं तेल. माझं चाललेलं बघून त्या एके दिवशी म्हणाल्या, "करडीचं लाव की. आम्ही लेकरास्नी तेच लावतो." मला खरं वाटेना, स्वयंपाकाचं पातळ तेल काय करणार. पण डॉक्टरांनी मान डोलावली. त्वचेच्या वरच्या थरात पेशींच्या मध्ये जो स्निग्ध गारा असतो, तो बांधायला लिनोलिक आम्ल लागतं, आणि लाकडी घाण्याच्या पारंपरिक करडीच्या तेलात ते पाऊणाच्या घरात असतं. सूर्यफुलातही भरपूर असतं. बांगलादेशात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना सूर्यफुलाचं तेल लावल्यावर त्यांच्यातले संसर्ग कमी झाले, ती चाचणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली आहे. बाळांची त्वचा आणि सोरायसिसची त्वचा एक नव्हे. पण पातळ तेल म्हणजे हलकं काम, ही माझी समजूत तिथे गेली.

तेव्हापासून माझी जोडी ठरली. दमट अंगावर आधी करडी, ती मुरते. मग जिथे थर जाड आहे तिथे, म्हणजे कोपर, गुडघे, टाचा, मुठेलाचा गोळा फिरवायचा. मुठेलात निम्म्याहून जास्त स्टिअरिक आम्ल असतं, म्हणून ते घट्ट, आणि म्हणूनच ते वर झाकणासारखं राहतं. गोळा आधी तळहातांत अर्धा मिनिट धरायचा. थंडीत तो चटकन सुटत नाही, तेव्हा चहाच्या भांड्यावरच्या झाकणीवर ठेवते. करडीचं तेल लवकर खवट होतं, म्हणून मी अंगाला लावायचं पाव लिटरहून जास्त आणत नाही आणि अंधाऱ्या फळीवर ठेवते. खवट वास आला की ते पणतीला.

बाकी तेलंही मी या बारा वर्षांत करून बघितली. खोबरेल चांगलं, डोक्यावर विशेष. केसांच्या मुळाशी जे खवले घट्ट बसतात ते खोबरेलाने सैल होतात. तेल दोन तास ठेवायचं, मोठ्या दातांच्या फणीने केस विंचरायचे, खवला नखाने उचकटायचा नाही, मग धुवायचं आणि मगच डॉक्टरांचं लोशन. खवल्यांच्या थरावर लोशन ओतलं तर ते वरच राहतं. पण डोक्यातला कोंडा तेलकट, पिवळसर असेल तर तो निराळा प्रकार असू शकतो. त्यात एक यीस्ट असतं आणि ते तेलावरच जगतं, म्हणून आधी दाखवून घ्यावं. तिळाचं तेल मला उन्हाळ्यात सोसत नाही. एरंडेल इतकं चिकट की फक्त टाचांना, मोजे घालून. मोहरीचं एकदाच लावलं, आग झाली, परत नाही. ऑलिव्ह तेल माझ्या नणंदेने परदेशातून प्रेमाने आणलं होतं. ते लावल्यावर कातडी आणखी ताणल्यासारखी व्हायची. पुढे वाचनात आलं की इंग्लंडमध्ये शेफील्ड विद्यापीठात थोड्या लोकांच्या हातांवर काही आठवडे ऑलिव्ह आणि सूर्यफुलाचं तेल लावून बघितलं, तेव्हा ऑलिव्हने त्वचेचा थर कमकुवत झाला, सूर्यफुलाने झाला नाही. २०१३ मधलं ते काम. करंजेल आणि कडुलिंबाचं तेल अनेकजण सांगतात. उग्र वास मी सोसला असता, पण फुटलेल्या कातडीवर दोन्ही चरचरतात. कुणाला सोसत असतील तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर, दोन-तीन दिवस बघून.

एक तेल मात्र मी कुणालाही घरच्या घरी लावू देणार नाही, ते बावचीचं.

२०१७ ची गोष्ट. काष्ठौषधींच्या एका दुकानात मी उटण्याचं सामान घ्यायला गेले होते. दुकानदाराने कोपर बघितलं आणि आपणहून काळसर तेलाची बाटली पुढे केली. बावची, डागांवर रामबाण, लावून उन्हात बसायचं, म्हणाला. बावची जुन्या वैद्यकात आहेच, कोडावर वापरतात, हे मी ऐकून होते. झाडाचं आहे, मग भीती कसली, असा माझा विचार. सकाळी नऊला दोन्ही हातांना कोपरापर्यंत लावलं आणि स्कूटीवरून बँकेत गेले. त्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हात लाल झाले. तिसऱ्या दिवशी पहाटे उठले ती आगीनेच. हातांवर पाण्याचे फोड आले होते, एक तर लिंबाएवढा.

डॉक्टरांनी फोड बघून आधी विचारलं, "बावची?" बावचीच्या बियांत सोरालेन असतं. बावचीचं शास्त्रीय नाव सोरालिया, त्यावरूनच त्या द्रव्याचं नाव पडलं. ते त्वचेत मुरलं की ऊन कैक पटींनी भाजतं, आणि लगेच नाही, एक-दोन दिवसांनी. गंमत अशी की त्याच सोरालेनवर १९७०च्या दशकात सोरायसिसचा मोठा उपचार उभा राहिला, सोरालेन घेऊन ठरलेल्या मापाचे अतिनील किरण द्यायचे, पुवा थेरपी. म्हणजे दुकानदार बोलला त्यात तथ्य होतं. पण दवाखान्यात द्रव्याचं माप असतं, किरणांचे सेकंद मोजलेले असतात. माझ्याकडे बोटभर तेल होतं आणि सोलापूरचं ऊन. फोड बरे व्हायला तीन आठवडे लागले, काळे डाग वर्षभर राहिले, आणि फोडांच्या जागी कोबनरच्या नियमाने नवे चट्टे उठले. हातांवर आजवर जिथे सोरायसिस नव्हता तिथे तो मी स्वतः नेऊन ठेवला. झाडापासून आलेलं म्हणजे निरुपद्रवी, हे वाक्य त्यानंतर माझ्या तोंडून निघालेलं नाही.

डॉक्टरांनी पुढे मला अतिनील किरणांचाच उपचार दिला, पण निराळा. नॅरोबँड यूव्हीबी म्हणतात, ३११ नॅनोमीटरचे किरण, आणि त्यासोबत सोरालेन नाही. आठवड्यातून दोनदा उंच कपाटासारख्या यंत्रात चष्मा लावून उभं राहायचं. पहिल्या वेळी मी सवयीने मुठेल चोपडून गेले. तिथल्या सिस्टरने परत पाठवलं, पुसून या म्हणाली. जाड थराने किरण अडतात. पातळ, स्वच्छ खोबरेलाचा हात फिरवला तर खवल्यावरून किरण परतत नाहीत, आत जातात, म्हणून ते चालायचं. तेलांच्या पातळ-जाडपणाला एवढा अर्थ असतो, हे मला त्या दारात उभं राहून कळलं. त्या हिवाळ्यात पाठ जवळजवळ स्वच्छ झाली.

पाठीचं सांगायचं राहिलं. पाठीला स्वतःचा हात पोचत नाही. मी दोन वर्षं उलथन्याला फडकं बांधून तेल लावायचा प्रयत्न करत होते, कारण नवऱ्याला पाठ दाखवायची लाज वाटे. एकदा यांनी ते बघितलं. काही बोलले नाहीत, वाटी घेतली आणि लावायला लागले. तेव्हापासून रोज सकाळी साडेसात ते पावणेआठ ही तेलाची वेळ. हे बँकेतल्या सगळ्या गोष्टी त्याच वेळी सांगतात. चट्ट्याच्या कडेवरून बोट फिरवून "ही कड खाली बसलीय" किंवा "इथे नवीन दिसतंय" असं सांगतात, आणि डॉक्टरांकडे गेल्यावर माझ्यापेक्षा नीट वर्णन करतात. घरात कुणाला सोरायसिस असेल तर त्या माणसाच्या पाठीचा विचार करा. तो स्वतः मागणार नाही.

दिवाळीला आमच्याकडे एक बदल झालाय. नरक चतुर्दशीच्या पहाटे तेल सगळ्यांना, मलाही, उलट मला जास्तच. उटणं मात्र मला नाही. खरखरीत उटण्याने घासलं की आठ दिवसांत त्याच रेषांवर चट्टे. सासूबाई आता माझ्यासाठी उटणं दुधात कालवून नुसतं हाताला वासापुरतं लावतात. वज्रीने टाचा घासायचंही मी सोडलं.

२०२० चा मार्च. टाळेबंदी लागली, पण बँका चालू होत्या. काउंटरवर दर माणसागणिक सॅनिटायझर. चार दिवसांत माझे तळहात कोरड्या तळ्यासारखे तडकले. नोट मोजताना भेगेत तिची कड शिरायची. तोवर तळहात वाचले होते, त्या महिन्यात तेही गेले. एसटी बंद, पार्सल बंद. आईने केलेले गोळे कुडाळला पडून, आणि माझ्या फ्रीजच्या खाचा रिकाम्या. आई फोनवर रोज विचारायची, हात कसे आहेत. मी म्हणायचे, बरे आहेत. तेव्हा दिवसा करडी आणि रात्री ओल्या हातांवर साधी व्हॅसलीन, वर सुती हातमोजे, यावर निभावलं. व्हॅसलीन झाडाची नाही, खनिज तेलातली आहे, पण पाणी राखण्यात तिचा हात धरणारं तेल क्वचितच सापडेल. झाडाचंच हवं असा हट्ट मी तेव्हा सोडला. जूनमध्ये एका ट्रकवाल्या ओळखीच्या माणसाबरोबर आईने डबा पाठवला. गोळे आंब्याच्या पानांत गुंडाळले होते.

आता दुसरी चूक. ही बावचीपेक्षा मोठी आहे.

२०२१ च्या पावसाळ्यात सकाळी उठल्यावर बोटं आखडायला लागली. तास-दीड तासाने मोकळी व्हायची. उजव्या हाताचं मधलं बोट टोकाच्या सांध्यापाशी सुजलं. मला वाटलं, नोटा मोजून, की-बोर्ड बडवून झालं असेल. तेलाचा हात बसलेला होताच. मी कोमट तिळाचं तेल चोळायला लागले, वर मुठेल, वर फडकं. चोळलं की बरं वाटायचं, म्हणून चोळत राहिले. चार महिने. दिवाळीनंतर डॉक्टरांना सहज म्हणून सांगितलं तर त्या खुर्चीतून उठून माझ्या बाजूला आल्या आणि एकेक सांधा दाबून बघितला. सोरायसिसचाच संधिवात. सोरायसिस असलेल्या बऱ्याच जणांना तो होतो, नखं बिघडलेली असतील तर शक्यता जास्त, आणि सांधा एकदा झिजला की परत पहिल्यासारखा होत नाही. सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकत असेल तर त्याच आठवड्यात यायला हवं होतं, त्या म्हणाल्या. आता दर रविवारी मेथोट्रेक्सेटची गोळी घेते, आठवड्यातून एकदाच, आणि ठरल्या वेळी रक्त तपासून. बोटं चालतात. मधलं बोट मात्र टोकाला थोडं वाकडं राहिलं आहे.

त्या बोटाकडे बघते तेव्हा कुडाळचा तो सुरुवातीचा फरक आठवतो, खवले मऊ पडले, लाली राहिली. तेल वरच्या थराचं काम करत होतं आणि आजार आत होता. हे पहिल्याच महिन्यात माझ्या कोपराने मला दाखवलं होतं. तेव्हापासून मला कुणी 'फक्त तेलाने सोरायसिस बरा केला' असं सांगितलं की मी त्यांना त्यांच्या सांध्यांबद्दल विचारते. आणि कुणी पोटातून घेतलेलं स्टेरॉईड किंवा चालू औषध मनाने बंद करून तेलावर आला असेल तर त्याला हात धरून डॉक्टरांकडे पाठवते, कारण ते एकाएकी थांबवलं की अंगभर लाली आणि पू भरलेले फोड उठल्याची उदाहरणं आहेत आणि ते जिवावर बेतू शकतं.

मलमाची आणि तेलाची वेळही मी सांभाळते. दोन्हीत अर्धा तास अंतर, नाहीतर मलम तेलावरून घसरून भलतीकडे पसरतं. आणखी एक, स्वयंपाकघरातली गोष्ट. तेल मुरलेला सुती गाऊन किंवा ओढणी गॅसपाशी भपकन पेट घेते, धुतल्यानंतरही त्यात तेल राहतं. ब्रिटनमधल्या औषध नियामकांनी याबद्दल जाहीर इशारा दिलेला आहे. मी तेल लावल्यावर घालायचे दोन गाऊन वेगळे ठेवलेत आणि ते घालून गॅससमोर उभी राहत नाही. सकाळचा चहा त्या वेळात हेच करतात.

यंदा गणपतीला कुडाळला गेले ती गौरी गेल्यावर आणखी तीन दिवस राहिले. आई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. बियांचं पोतं ओढून आणताना ती दोनदा भिंतीला टेकली. मी म्हटलं, या वर्षी मी करते, तू सांग. बिया मी फोडल्या, गर मी कुटला, चूल तिने घातली. मोठ्या टोपात पाणी खदखदलं आणि वर पिवळी साय धरायला लागली. ती काढून परातीत निववली. आईने हातात घेतलं, दोनदा मूठ वळली आणि गोळा झाला, तिच्या चार बोटांचे ठसे उमटलेला. मी घेतलं तर बोटांतून ओघळून गेलं. थोडं आणखी निवू दिलं तर भुसभुशीत झालं. वाकड्या बोटाला जोर लागत नव्हता. आईने माझ्या मुठीवर आपली मूठ ठेवली. "दाब गो, आणखी दाब."

नऊ गोळे घेऊन आले. त्यातले तीन माझे आहेत, ओबडधोबड, एका बाजूला चपटे, अंड्यांच्या खाचेत नीट बसत नाहीत. सध्या तेच वापरते आहे.